मॅडम, तुम्ही हँग झालात!

१

लेकीने जुना लॅपटॉप घरी आणला तेव्हा मी सगळ्यात आधी त्याचा वास घेतला.

"बाबा, खरबूज आहे का ते?" ती म्हणाली.

"उष्टी वस्तू आहे. कोणाचं उष्टं ते कळायला नको?"

झाकणावर आधीच्या मालकाने मांजराचा स्टिकर लावला होता. कोणीतरी नखाने खरवडून मांजराचं डोकं काढलेलं, शेपूट तेवढी शिल्लक. बाकी माल बरा होता. एक बटण दाबलं की दोनदा उमटायचं, त्यामुळे लेक कोणालाही "हो" लिहायला गेली की "होो" जायचं. मी म्हटलं, बरंय, मुलांना वाटेल मॅडम गाते.

लेक मुलांना घरबसल्या गणित शिकवते. एका क्लासवाल्यांनी तिला पडद्यावरून शिकवायचं काम दिलं होतं, पण आधी काही आठवडे बघू, मग कायम करू, असं. तिच्यासाठी ते काम म्हणजे जीव की प्राण. लग्न मोडून आमच्याकडे परत आल्यापासून ती पहिल्यांदाच आरशात बघून केस विंचरायला लागली होती. मी चेष्टा करत नाही अशा गोष्टी जगात कमी आहेत, त्यातली ही एक.

आमचं घर म्हणजे काडेपेट्या ओळीने मांडाव्यात तसं. पुढची खोली, मग पडदा लावलेलं दार, मग स्वयंपाकघर, आणि मागे मोरीकडे उघडणारं एक दार. लेकीचं टेबल पुढच्या खिडकीशी. लॅपटॉपचा कॅमेरा घराच्या आत बघायचा. त्यात आधी लेकीचं तोंड, तिच्या मागे स्टुलावर पंखा, त्याच्या बाजूला माझी खुर्ची, आणि पडदा वर बांधलेला असला तर थेट आत गॅसपाशी उभ्या असलेल्या आमच्या हिची पाठ. म्हणजे एका चौकटीत अख्खं कुटुंब. मी जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला, मला ती चौकट फार आवडली.

वर्ग सुरू झाला की मी मागे चष्मा उलटा घालून पेपर वाचायचो. मुलं खिदळायची. लेक मागे वळून डोळे वटारायची, तोवर माझा चष्मा सरळ.

आणि हिच्याशी माझा वेगळाच खेळ. लहानपणी आपण सगळेच खेळलोय, विष-अमृत. ज्याच्यावर राज्य तो येऊन शिवतो, "विष!" म्हणतो, की आपण आहोत तिथे पुतळा. दुसऱ्या गड्याने येऊन शिवून "अमृत" म्हटलं की सुटका. ज्याने विष दिलं त्याला अमृत देता येत नाही, हा आमच्या गल्लीचा नियम. ही लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला हातात पाण्याचा तांब्या असला की शिवतो आणि म्हणतो, "विष!" ती बिचारी थांबते. मग ओरडते, "अगं, ये गं, तुझ्या बापापासून सोडव मला." लेक येते, आईला शिवते. इतकी वर्षं झाली, अजून थांबते. काय सांगू, याहून मोठं प्रेम मला माहीत नाही.

२

पहिल्यांदा झालं तेव्हा लेक अपूर्णांक शिकवत होती. भाकर नाही, पिझ्झा नाही, तिने कागदाचा गोल कापला होता. मी पेपरात कोडं सोडवत होतो. मध्येच पडद्यावरून गलका आला.

"मॅडम! मॅडम, तुम्ही हँग झालात!"

"मी? नाही रे. मी बोलतेच आहे."

"किती वेळ झाला मॅडम, तुम्ही अशाच होता!" आणि एका पोराने तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हातात कागद, अशी तिची नक्कल करून दाखवली. चौकोनाचौकोनांतून सगळी पोरं हसली. दोघं-तिघं तर कंटाळून उठूनही गेली होती.

लेक गोरीमोरी झाली. वर्ग संपल्यावर तिने लॅपटॉप बंद करून चालू केला. आजकाल सगळ्या दुखण्यांवर हाच इलाज. मग इंटरनेटचा डबा कपाटावर ठेवला. तिथून खिडकीत. मग नको असलेले सगळे प्रोग्राम काढून टाकले. मग कोणीतरी सांगितलं, तापत असेल, म्हणून खाली दोन डबे ठेवून त्यावर लॅपटॉप. मी म्हटलं, "पायाशी गरम पाण्याची पिशवी पण ठेव."

"बाबा, प्लीज."

दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं. मग एक दिवस नाही. मग पुन्हा. क्लासवाल्यांच्या बाईंचा फोन आला. फोन लेकीच्या कानाला होता तरी आवाज खोलीभर. "मुलांचे पालक तक्रार करतात हो. तुमचं यंत्र बघा. असंच राहिलं तर मला ही बॅच दुसऱ्या कोणाकडे द्यावी लागेल."

लेक "होो" म्हणाली. म्हणजे तोंडानेच म्हणाली, पण मला तसंच ऐकू आलं.

३

लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. डोक्यावर एक केस नाही आणि बोलणं असं की लॅपटॉप यानेच शोधला. मी त्याचं नाव तुळतुळीत ठेवलं. त्याने यंत्र काही दिवस ठेवून घेतलं, आतली धूळ काढली, कसलीतरी पट्टी बदलली, दिवसभर सिनेमे लावून ठेवले.

"काका, एकदाही हँग झाला नाही. घोडा आहे घोडा."

"मग आमच्याकडे येऊन का बसतो घोडा?"

"तुमच्या घरातलं नेट."

घरी आणला, दुसऱ्याच दिवशी पोरांचा गलका. मी तुळतुळीतला घरी बोलावला. लेक बाहेर गेली होती, म्हणून तो तिच्या खुर्चीवर बसला, मी माझ्या. हिने त्याच्यासमोर चहा ठेवला, वाफा निघत होत्या. तो बटणं दाबत म्हणाला, "आता बघतो ना काका, कसा हँग होतो ते. मी हलत नाही इथून."

आणि लगेच म्हणाला, "बघा. काही नाही. चालतोय छान."

त्याने कप उचलला, तोंडाला लावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. चहा गारढोण झाला होता. वर जाड साय. कप बाजूला ठेवून त्याने खिशातला फोन काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बायकोचे एवढे फोन? वाजला कसा नाही?"

"तू बायकोच्या फोनाला बहिरा असशील," मी म्हटलं. तोही हसला. मीही हसलो. तो गेल्यावर मी कप मोरीत नेला आणि साय बोटाने काढून बघितली. चांगली जाड होती. साय धरायला वेळ लागतो. आणि मी तर त्याच्या मागेच बसलो होतो, डोळे उघडे ठेवून, अख्खा वेळ.

अख्खा वेळ म्हणजे किती, ते मला सांगता येईना.

मी स्वतःला सांगितलं, म्हातारा झालास, डुलकी लागली. पण तुळतुळीत काही म्हातारा नव्हता.

४

लेकीच्या वर्गात एक चष्मेवाली मुलगी आहे. तिला प्रत्येक गणितात शंका येते, उत्तर बरोबर आलं तरी येते. मी तिचं नाव शंकासूर ठेवलंय. मुलीला असुर म्हणू नये, असं ही म्हणते. पण तिलाही आवडलंय, स्वतःच सांगते, "मॅडम, शंकासूरला एक शंका."

त्या दिवशी गलका झाला, लेकीने माफी मागितली, "लॅपटॉप जुना आहे रे, समजून घ्या," वगैरे. तेव्हा शंकासूर म्हणाली, "मॅडम, शंका आहे."

"बोल."

"लॅपटॉप हँग झाला तर सगळं चित्र हँग होतं ना?"

"हो."

"मग तुमच्या मागचा पंखा कसा फिरत होता?"

मी पेपर खाली घेतला.

"आणि पडदा पण हलत होता. फक्त तुम्ही आणि आजोबा हँग होता."

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. खरंच. वाटलं, अरे वा, पोरं तयार झाली! आपल्या मॅडमची फिरकी घेतायत, आणि तीही इतक्या गंभीर चेहऱ्याने. सगळ्यांनी मिळून ठरवायचं, मध्येच ओरडायचं, नक्कल करायची. मी हयातभर जे केलं ते माझ्यावर उलटवणारं कोणीतरी भेटलं, शेवटी.

"शाब्बास रे वाघांनो," मी मागून ओरडलो. "पण आजोबाला फसवायला अजून खूप दूध प्यावं लागेल."

कोणीच हसलं नाही. फिरकी घेणाऱ्यांपैकी एक तरी फुटतोच, ओठ दाबतो, खाली बघतो. मी त्या चौकोनांतलं एकेक तोंड बघितलं. सगळी माझ्याकडे बघत होती, शंका असलेल्या तोंडाने.

५

दुधाचं म्हणाल तर, आमची ही आयुष्यभर दूध करपवते. लग्नाच्या पहिल्या महिन्यात पातेलं काळं झालं तेव्हा मी तिच्या माहेरी निरोप पाठवला होता की तुमची मुलगी दुधाचा कोळसा करते, वजनावर विकू का? तेव्हापासून किती पातेली गेली. मी प्रत्येक वेळी चिडवतो आणि ती प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलते.

त्या आठवड्यातही तेच. वर्ग चालू होता, पोरांचा गलका होऊन गेला होता, आणि आतून करपल्याचा वास. मी आत गेलो. पातेलं तळापर्यंत काळं, दूध उतू जाऊन कट्ट्यावर वाळलेलं. ही तिथेच उभी, हातात पळी.

"अगं, काय हे!"

"मी इथेच उभी होते," ती म्हणाली. तेच वाक्य. "इथेच तर उभी होते मी."

मी नेहमीसारखा टोमणा तयार ठेवला होता, पण तो तोंडातून निघाला नाही. मी विचारलं, "उभी होतीस म्हणजे बघत होतीस?"

"बघतच होते. दूध वर यायला लागलं होतं. मी पळी घालणार तेवढ्यात..." तिने पळीकडे बघितलं. "तेवढ्यात हे असं."

"गॅस तरी बंद केलास वेळेवर."

"मी कुठे केला? मी हातच लावला नाही." मग तिची भुवई चढली. "तुम्हीच केला असेल. आधी बंद करायचा, मग चिडवायला यायचं. मला काय कळत नाही?"

मी केला नव्हता. पण हो म्हटलं. का म्हटलं, मला अजून नीट सांगता येत नाही.

आणि दुपारभर माझ्या डोक्यात एकच भुंगा. हा लॅपटॉप आता आला. दूध तर केव्हापासून करपतंय. लॅपटॉप यायच्या आधी आमच्याकडे बाहेरून बघणारं कोण होतं, आम्हाला सांगायला?

६

वर्ग रेकॉर्ड होतो. जे पोर आलं नाही त्याला नंतर बघता यावं म्हणून. लेक बाजारात गेली तेव्हा मी चोरासारखा तो दुधाच्या दिवसाचा वर्ग लावला. कसा लावायचा ते मला येतं, मी काही अगदीच दगड नाही.

त्यात लेक बोलते आहे. मी मागे पेपर वाचतो आहे. पडदा खाली सोडलेला, स्वयंपाकघर दिसत नाही. लेक म्हणते, "आता याचे चार भाग के..."

आणि थांबते.

पंखा फिरतोय. पडदा हलतोय. तिच्या कपाळावरची एक बट वाऱ्याने उडतेय, पडतेय, उडतेय. आणि ती थांबलेली. मागे मी थांबलेला.

आता माझं ऐका, मी "हलू नका" हे दोन शब्द आयुष्यात जितक्या वेळा बोललो तितक्या वेळा कोणी देवाचं नाव घेतलं नसेल. माणूस स्थिर बसतो म्हणजे काय, मला माहीत आहे. कोणीच स्थिर बसत नाही. मान किंचित झुलते, गळ्याखाली शीर उडते, छाती वर-खाली होते. फोटो काढणारा त्या सगळ्याला फसवून फोटो काढतो. लेकीची पापणी अर्धी खाली आलेली होती. अर्धी. ती उरलेली अर्धी खाली येईना. मी बघत राहिलो. कोपऱ्यातलं पोर जांभई देऊन उठून गेलं, परत आलं, तिच्या पापणीचा उरलेला अर्धा प्रवास काही झाला नाही.

पडद्याच्या कडेने धूर यायला लागला.

मग माझ्या सदऱ्याचा डावा खांदा दबला. कोणी हात ठेवल्यावर कापड जसं दबतं, तसं. हात नव्हता. कापडाला नुसती चार-पाच चुण्या पडल्या आणि सुटल्या. आणि मी, चित्रातला मी, पेपरचं पान उलटलं. जणू काही झालंच नाही. त्यानंतर जरा वेळाने लेकीची वेणी खांद्यावर सरकली, पापणी मिटली, उघडली, आणि ती म्हणाली, "...ले."

मग पडदा मधोमध आत ढकलला गेला, पंख्याच्या उलट्या बाजूला. आतून हिचा आवाज, "अगं बाई!"

लेक परत आली तेव्हा मी तिला दाखवलं. तिने उभ्याउभ्याच बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही केलंत ना?"

"मी? मला कुठून येणार?"

"पोरांना हाताशी धरून. शंकासूर तुमचीच चेली. बाबा, माझं काम जाईल हो. दुसऱ्या कशाचीही चेष्टा करा." तिचे डोळे भरले. "ह्याची नका करू."

मी शपथ घेतली. तिने माझ्याकडे असं बघितलं की शपथ तोंडात परत गेली. आजवर मी खोट्या शपथा कमी घेतल्या आहेत का? ही आतून म्हणाली, "मला नका बोलवू. मला नाही बघायचं." ती आलीच नाही.

७

म्हणून मी ठरवलं, जे काय आहे ते पकडायचं. आणि कसं पकडायचं हे मला एकट्यालाच सुचलं असतं.

विचार साधा होता. कोणीतरी येतं, आम्हाला थांबवतं. मग आम्हाला सोडतं. सोडताना आधी मला, मग लेकीला, मग आत हिला. म्हणजे मी सुटतो आणि लेक सुटते यामध्ये थोडा वेळ असतो, ज्यात मी मोकळा असतो आणि ते माझ्या शेजारीच असतं. आजवर मला कळायचं नाही म्हणून मी पान उलटायचो. आता पान उलटायचं नाही. पुतळाच राहायचं. आणि पुतळा व्हायला माझ्याहून वस्ताद दुसरा नाही.

मी पडदा वर बांधला. रोज पेपर धरून बसलो, नजर एकाच शब्दावर. लेकीचा आवाज आणि पोरांचा आवाज यांच्याकडे कान. काही दिवस नुसतं गणित ऐकलं. दशांश मला आता बऱ्यापैकी येतात.

मग एका दुपारी लेक म्हणाली, "हातचा घ्यायला विस..." आणि त्याच श्वासात पोरांचा गलका, "हँग झाल्या, हँग झाल्या!" मध्ये काहीच नाही. कात्रीने कापून जोडल्यासारखं.

माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी होतं. वजन नाही म्हणण्याइतकं हलकं. ते उचललं गेलं.

मी हललो नाही.

वास आला. धुतलेले कपडे घडी घालून ठेवावेत आणि ते आत ओलेच राहावेत, तसा. तो वास माझ्या खांद्यावरून पुढे गेला, लेकीकडे. पाऊल वाजलं नाही, पण फरशीवर पडलेला पेपरचा एक तुकडा सरकला. भीती? होती ना. पण खरं सांगतो, भीतीच्या वर काय होतं, तर हसू. पोटातून वर येणारं, लपाछपीत दाराआड उभं राहिल्यावर येतं ते.

मी हात पुढे केला आणि शिवलो.

माझ्या बोटांना खांदा लागला. लहान, हाडकुळा, भिजलेल्या कापडातला. तो दचकला.

"विष!" मी म्हटलं.

आणि ते थांबलं. कसं कळलं विचाराल तर, बोटांना कळलं. इतका वेळ त्या खांद्यात काहीतरी कापत होतं, धावून आलेल्या माणसाचं कापतं तसं. ते कापणं थांबलं.

लेक अजून पुतळाच. मी तिला शिवलो, "अमृत!" ती म्हणाली, "...रू नका. बाबा, काय करताय? वर्ग चालू आहे!" मी आत धावलो. ही गॅसपाशी, पळी हातात, दूध काठापर्यंत आलेलं आणि खाली जाळ हा एवढा मोठा, पातेल्याच्या कडेने वर आलेला, तिच्या पदराच्या वीतभर अंतरावर. मी गॅस बंद केला, तिला शिवलो, अमृत म्हटलं.

"अहो! अंगचटीला काय येताय भरदुपारी?"

"एवढा मोठा गॅस कशाला ठेवलास?"

"मी बारीकच ठेवला होता," ही म्हणाली.

८

पुढचे दिवस मी हवेत होतो. वर्ग हँग होईना. क्लासवाल्या बाईंनी फोन करून सांगितलं, तुम्हाला कायम केलं. लेकीने तुळतुळीतला पेढे देऊन यावं तसं तोंडभरून धन्यवाद दिले, आणि त्यानेही ते घेतले, निर्लज्जासारखे. मी मनात म्हटलं, यंत्र कोणी दुरुस्त केलं ते मला माहीत आहे.

एवढंच की माझ्या खुर्चीच्या पुढे, टेबलाच्या अलीकडे, एक जागा आहे. तिथून कोणी सरळ जात नाही. ही चहाचा ट्रे घेऊन येते, तिथे आली की अंग चोरून वळसा घालते. विचारलं तर म्हणते, "कुठे? सरळच तर आले." लेकीने स्टूल हलवून पंखा दुसरीकडे ठेवला. का, तर "इथे वारा अडतो बाबा." तिथली फरशी पुसली तरी लवकर वाळत नाही.

मग एका दुपारी, नुसती मजा म्हणून, माझा पराक्रम बघावा म्हणून, मी त्या दिवशीचा वर्ग लावला. पडदा बांधलेला असल्यामुळे स्वयंपाकघर दिसत होतं.

लेक म्हणते, "हातचा घ्यायला विस..." पण आज मी तिच्याकडे नाही, आत बघत होतो. आणि म्हणून मला दिसलं की ही लेकीच्याही आधी थांबली होती.

मागचं दार, मोरीकडचं, आधी थोडं उघडतं. कोणी येत नाही. हिचा पळी धरलेला हात थांबतो. मग माझा पेपर थांबतो. मग लेक. हे सगळं चटाचट, सराईतपणे. आणि मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. मग हिच्या मानेवरचे बारीक केस हलतात. तिथे पंख्याचा वारा पोचत नाही. केस थांबतात, परत हलतात, थांबतात, हलतात. अगदी जवळ उभं राहून कोणी श्वास घ्यावा तसे.

मग गॅसचं बटण फिरतं. हळू. जाळ मोठा होतो.

केस हलतच राहतात. बघत असावं. दूध वर येतंय, जाळ कडेने वर येतोय, पदराचं टोक उष्णतेने उचललं जातंय, आणि ते तिथेच.

आणि मग इकडे, चौकटीच्या बाहेर, पुढचं दार धाडकन उघडल्याचा आवाज येतो. घाईघाईने. हिच्या मानेवरचे केस एकदम थांबतात. मोरीचं दार लागतं.

माझा खांदा दबतो, सुटतो. फरशीवरचा कागद लेकीच्या दिशेने सरकतो. आणि चित्रातला म्हातारा, चेहऱ्यावर हे असं हसू घेऊन, हात पुढे करतो.

मी चित्र तिथेच थांबवलं.

इतक्या वर्षांत किती पातेली काळी झाली. किती दूध गेलं. पण आग कधी लागली नाही. एकदाही नाही. मी आत जायचो तेव्हा गॅस नेहमी बंद असायचा, ही म्हणायची तुम्ही केला, मला वाटायचं हिने केला.

कोण करत होतं?

राज्य ज्याच्यावर होतं, तो मोरीच्या दाराने निघून गेला. मी धरलं दुसऱ्यालाच.

९

मी त्या जागेपाशी उभा राहून अमृत म्हटलं. कितीदा म्हटलं. हात पुढे केला की बोटांना ओल लागते, खांदाही लागतो, पण त्यात काही कापत नाही. कापणार कसं? ज्याने विष दिलं त्याला अमृत देता येत नाही. नियम आहे. मीच पोरांना भांडून भांडून शिकवलेला.

मग मी हिला म्हटलं, "जरा इथे हात लाव आणि अमृत म्हण."

"म्हणजे खुर्ची मोडणार, का वरून पाणी पडणार?"

"काही होणार नाही. तुझ्या गळ्याशपथ."

"माझ्या गळ्याची शपथ तुम्ही पेरू चोरला नाही म्हणूनही घेतली होती," ही म्हणाली. तरी माझं तोंड बघून तिने हात पुढे केला. आणि तिचा हात त्या जागेपाशी येऊन बाजूला वळला, पाणी दगडाला वळसा घालून जातं तसा. तिला कळलंही नाही. हवेतच बोटं हलवून म्हणाली, "अमृत. झालं समाधान?"

लेकीचंही तेच झालं. वर ती म्हणाली, "बाबा, आता पुरे. तुम्ही झोपत नाही आजकाल." तुळतुळीतला बोलावला, तो म्हणाला काका बरे आहात ना. आमच्या घरच्यांना त्या जागेला वळसा घालायची सवय जडली आहे, आणि बाकीच्यांना माझी सवय आहे. मी सबंध गल्लीत एक माणूस असा ठेवला नाही, ज्याला मी कधी फसवलं नाही.

लॅपटॉप फेकून द्यावा, असं तुम्ही म्हणाल. त्याचा काय दोष? तो बिचारा फक्त बघतो. दुपारी गॅस पेटवू नको म्हटलं तर ही म्हणते, चहा काय उन्हात ठेवून करू? मी लायटर लपवला. तिने काडेपेटी आणली. मी मोरीच्या दाराला कडी घालतो, सकाळी कडी घातलेलीच असते, दुपारी जाऊन बघावं तर नसते. अजून कोणी आलेलं नाही. त्याला घाई नसावी. अडवणारं आता कोणी नाही, हे त्याला माहीत असेल.

म्हणून हे लिहिलं. आत्ता लेकीचा वर्ग सुरू होतोय, शंकासूरला पहिली शंका आलेली आहे, आणि आत हिने दूध ठेवलंय, भांड्याचा आवाज आला.

तुमच्यापैकी कोणी दुपारचं आमच्या बाजूला आलात तर या. दार नुसतं लोटलेलं असतं. माझ्या खुर्चीपुढे हात अगदी सरळ न्या, वळू देऊ नका, ओल लागली तर दचकू नका, आणि एवढा एक शब्द म्हणा. तुम्हाला कदाचित जमेल. तुम्हाला वळसा घालायची सवय नाही.

आणि आत आलात आणि लेक बोलता बोलता थांबलेली दिसली, पोरं पडद्यावरून ओरडतायत, आणि मी इथे पेपर धरून बसलोय, डोळे अर्धे मिटलेले, तर हसू नका. म्हातारा नाटक करतोय म्हणून मागे फिरू नका. मला सोडवायला थांबूही नका, मी बसेन, मला सवय आहे. सरळ आत जा.

आधी गॅस. मग ही.